तक्रारीनंतरची टोचणी



नीतीचे कठीण प्रश्न न्यायालयात, रणांगणावर किंवा मृत्युशय्येपाशीच उभे राहतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते हॉटेलच्या काउंटरपाशीही उभे राहतात, आणि तेथे ते इतके क्षुल्लक दिसतात की त्यांचा विचार करण्याचीही आपल्याला लाज वाटते. अशाच एका प्रश्नाचा विचार आज आपण करू.

समजा, मे महिन्यात आपण सहकुटुंब थंड हवेच्या ठिकाणी गेला आहात. इंदूरचे असाल तर पचमढीला, बडोद्याचे असाल तर अबूला, बेंगळुरूचे असाल तर उटीला, पुण्या-मुंबईचे असाल तर महाबळेश्वरला. वर्षभर काटकसर करून साठवलेले पैसे आहेत, वृद्ध आई बरोबर आहे, खोलीचे पैसे आगाऊ भरले आहेत. पोहोचावे तो खोली तयार नाही. दोन तास व्हरांड्यात सामानावर बसून काढावे लागतात. चादरीवर आधीच्या पाहुण्याच्या चहाचा डाग आहे. सकाळी सहा ते आठ गरम पाणी मिळेल अशी पाटी आहे, पण सातलाच नळ गार पडतो. रात्री मागवलेले जेवण तासाभराने येते, आणि तेही दुसऱ्याच टेबलाचे. आपण उठता, काउंटरवर जाता आणि बोलता. आवाज थोडा चढतो. मॅनेजर दिलगिरी व्यक्त करतो आणि तत्क्षणी अठरा-एकोणीस वर्षांच्या रूमबॉयला हाक मारून सर्वांदेखत त्याची खरडपट्टी काढतो. मुलगा मान खाली घालून ऐकून घेतो. दहा मिनिटांत चादरी बदलतात, बादलीभर कढत पाणी दाराशी येते, बिलातून काही रक्कमही वजा होते. आपल्याला हवे होते ते सर्व मिळाले. तरी त्या रात्री झोप लागत नाही.

ही टोचणी कशाची?

बरोबरची माणसे दोन प्रकारची उत्तरे देतात. एक जण म्हणतो, “आपण पैसे मोजले आहेत, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काय आहे?” दुसरा, बहुधा घरातील वडीलधारे माणूस, म्हणतो, “जाऊ द्यायचे होते. आपण ख्रिस्ती माणसे. थोडे सोसले असते तर काय बिघडले असते?” दोन्ही उत्तरे ऐकायला सोपी आहेत, आणि माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत. दुसरे उत्तर आपल्या मंडळींत अधिक मानाने ऐकले जाते, म्हणून आधी त्याचाच विचार करू.

निमूटपणे सोसणे हा सद्गुण आहे हे खरे, पण प्रत्येक मौन म्हणजे सोसणे नव्हे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे हे आपणा सर्वांना पाठ असते. तिच्या अगदी लगतच्या वचनात शेजाऱ्याची कानउघाडणी करण्याचीही आज्ञा आहे, आणि मनात द्वेष साठवू नये म्हणून ती करावी असा तिचा रोख आहे, हे मात्र आपण विसरतो. महायाजकापुढील चौकशीत एका शिपायाने प्रभू येशूला चपराक मारली, तेव्हा प्रभू गप्प राहिला नाही. आपण वाईट बोललो असलो तर ते दाखवून दे, नसलो तर मारलेस का, असा सरळ प्रश्न त्याने विचारला. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण देणाऱ्यानेच तो विचारला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या प्रश्नात शिवी नाही, धमकी नाही, आणि आपल्यावर अन्याय झालाच नाही असे सोंगही नाही.

‘कुरकुर’ हा आपल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरातून कानी बसलेला शब्द. इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली आणि ती देवाला आवडली नाही, म्हणून तक्रार ही गोष्टच वाईट, असे समीकरण आपल्या मनात लहानपणापासून बसलेले असते. फिलिप्पैकरांस लिहिताना पौलानेही कुरकुर न करता सर्व काही करावे असे सांगितले. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी मूळ ग्रीकमध्ये नेमका तोच शब्द पुन्हा येतो. यरुशलेमेतील मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती, म्हणून त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. त्यांनी व्यवस्था बदलली. सात माणसे निवडून घेतली, आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. शब्द एकच, तरी एका ठिकाणी तो दोषास पात्र ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी मंडळीच्या सुधारणेचे कारण होतो. तेव्हा प्रश्न तक्रार केली की नाही एवढाच नसतो. ती खरी होती का, कोणासाठी होती आणि कोणाकडे नेली, हेही पाहावे लागते.

मौनाचा आणखी एक हिशेब आहे. जो प्रवासी डागाळलेल्या चादरीवर गुपचूप झोपतो, तो ती चादर पुढच्या प्रवाशाच्या स्वाधीन करतो. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या ग्रंथात या गोष्टीची मोठी मार्मिक चिकित्सा केली आहे. नायजेरियातील रेल्वेचा कारभार ढासळत असूनही का सुधारत नाही, या कोड्यातून त्यांचा विचार सुरू झाला. त्यांना असे आढळले की ज्यांना वाईट सेवेची सर्वाधिक चीड येई आणि ज्यांच्या बोलण्याला वजन असते, तेच ग्राहक आपला माल मालमोटारींनी पाठवू लागले. मागे उरले ते बोलू न शकणारे. निघून जाणे सोपे झाले की बोलणे संपते, आणि बोलणारा नसला की सुधारणाही संपते. या दृष्टीने पाहिले तर काउंटरवर जाऊन बोलणाऱ्या माणसाने त्या हॉटेलवर अजून थोडा विश्वास ठेवलेला असतो. आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी रेल्वेच्या तक्रारपुस्तकात तारीख-वेळ अधोरेखित करून सुवाच्य इंग्रजीत तक्रार लिहीत असत. आम्ही मुले तेव्हा हसत असू. पण त्या लिहिण्यात ‘ही रेल्वे आपली आहे’ असा भाव होता, हे हर्शमन वाचताना जाणवते. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभारले, तेही अशाच भावनेतून.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. “पैसे मोजले आहेत.” मोजले आहेत खरे, पण कशाचे? खोलीचे, स्वच्छ अंथरुणाचे, ठरल्या वेळी गरम पाण्याचे, जेवणाचे. कोणाचा पाणउतारा पाहण्याचे नाहीत. बारकाईने पाहिले तर या व्यवहारात आणखीही एक वस्तू गुपचूप विकली जाते, ती म्हणजे हसरा चेहरा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली या गोष्टीला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. हमाल खांद्याने ओझे वाहतो, तसे या माणसांना प्रवाशाचा राग मनावर झेलावा लागतो आणि वर हसावे लागते. त्या हसण्याचाही पगारच असतो. रूमबॉय आपल्यापुढे मान खाली घालतो तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला आहे असे आपण समजतो. तो कदाचित आपले काम करीत असतो, एवढेच.

या ठिकाणी भाषेनेही आपला घोटाळा केला आहे. हॉटेलवाला आपल्याला ‘गेस्ट’ म्हणतो, आपणही स्वतःला पाहुणे समजू लागतो. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांची नीती मात्र अगदी वेगळी. कोणी आपल्याला प्रेमाने घरी बोलावले आणि भाजी खारट झाली, तर आपण ती गोड मानून खातो. तेथे तक्रार करणे हा असंस्कृतपणा. याउलट किराणा दुकानदाराने किडके तांदूळ दिले, तर ते परत करण्यात कसलाच संकोच नसतो. हॉटेलात आपण एकाच वेळी दोन्ही असतो. चहा घेऊन येणारा मुलगा आपल्याला ‘काका’ म्हणतो, आईला पायरी उतरताना हात देतो, आणि मनाला वाटते की आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत. मग आपण तक्रार करतो ती गिऱ्हाईक म्हणून, आणि रात्री टोचणी लागते ती पाहुणा म्हणून. या टोचणीचा काही भाग असा नुसत्या गैरसमजातून आलेला असतो. तो ओळखला की तेवढ्यापुरते मन हलके व्हायला हरकत नाही.

पण सगळी टोचणी इतक्याने जात नाही, आणि जाऊही नये.

जिनिव्हाचे ख्रिस्ती डॉक्टर पॉल तूर्निए यांनी १९५८ साली अपराधभावनेवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी खरी आणि खोटी अपराधभावना असा भेद केला आहे. लोक काय म्हणतील, आपण चांगले दिसू की नाही, या भीतीतून येणारी भावना खोटी. देवापुढे उभे राहून जी जाणवते ती खरी. आपल्या प्रसंगाला हा भेद लावून पाहा. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने वळून पाहिले, आपल्या मुलीने ‘बाबा, पुरे’ म्हणून हात ओढला, आपण ‘भांडखोर’ दिसलो, एवढेच सलत असेल तर ते स्वतःच्या प्रतिमेचे दुःख आहे. त्यात त्या मुलाचा विचार अजून आलेलाच नाही. पुष्कळदा आपण ज्याला हळवे मन म्हणतो, ते आरशापुढे उभे असलेले मन असते.

तो विचार आला की प्रश्न बदलतो. गरम पाणी सातला संपले, यात त्या मुलाचा दोष किती होता? बंब किंवा गिझर किती मोठा घ्यायचा हे मालकाने ठरवले. सीझनमध्ये एका मुलाकडे किती खोल्या द्यायच्या हेही त्यानेच ठरवले. चादरी बाहेरच्या धुलाईला जातात, आणि तेथून उशिरा आल्या तर मुलाच्या हाती एकच उपाय उरतो: वापरलेलीच चादर झटकून पुन्हा अंथरणे. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो; तेव्हा गिऱ्हाईक जवळजवळ नसते. वर्षाची कमाई उन्हाळा, दिवाळी आणि नाताळ एवढ्या मोजक्या आठवड्यांत करून घ्यायची असते. म्हणून मालक खोल्या भरतो, पण माणसे वाढवत नाही. ही सारी गणिते ज्याने मांडली तो काउंटरवर नसतो. काउंटरवर असतो पगारी मॅनेजर, आणि त्याच्या खाली तो मुलगा, जो ओडिशा, झारखंड किंवा नेपाळातून आला आहे आणि ज्याला सीझननंतर काम राहील की नाही याची खात्री नाही. पाणी जसे उताराकडे धावते, तसा राग सर्वांत खालच्या माणसापर्यंत जाऊन थांबतो. आपण तो वर, मॅनेजरकडे, पाठवला होता. मॅनेजरने त्याला उतार दिला.

कायद्याला हे कळते, ही नमूद करण्यासारखी गोष्ट आहे. आपल्या देशातील ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेतील त्रुटीबद्दलची तक्रार दोन्ही कायद्यांत सेवा पुरवणाऱ्या आस्थापनेविरुद्ध असते; चादर अंथरणाऱ्या हातांविरुद्ध नाही. कायद्याने जो विवेक राखला तो आपण काउंटरवर राखतो का, हे पाहायला हवे.

या संदर्भात फिलिप्पै नगरातील प्रसंग मला फार बोलका वाटतो. पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. बंदिशाळेच्या नायकाने त्यांना आतल्या कोठडीत नेऊन त्यांचे पाय खोड्यात अडकवले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप धाडला, तेव्हा पौलाने जाण्यास नकार दिला. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांला उघडपणे मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा त्याचा आग्रह होता, आणि ते आले. ही रोखठोक तक्रार आहे. पण ज्याने खोडा घातला त्या नायकाशी पौल कसा वागला? रात्री भूकंपानंतर तो जीव द्यायला निघाला तेव्हा पौलाने त्याला हाक मारून थांबवले. नंतर त्याच्या घरी जाऊन तो जेवला. ज्यांनी हुकूम दिला त्यांना जाब, आणि ज्याने हुकूम पाळला त्याच्या घरी भोजन. त्या नायकाची काहीच जबाबदारी नव्हती असे लूक म्हणत नाही. त्याने त्यांच्या जखमा धुतल्या हे तो आवर्जून सांगतो. परंतु पौलाच्या तक्रारीची दिशा चुकली नाही.

अठराव्या शतकातील इंग्रज धर्मगुरू जोसेफ बटलर यांनी लंडनमधील एका प्रार्थनामंदिरात दिलेली प्रवचने १७२६ साली प्रसिद्ध झाली. त्यांत चिडीवर एक आणि क्षमेवर एक अशी लागोपाठ दोन प्रवचने आहेत. अन्यायाविषयी चीड येणे ही देवानेच माणसाच्या स्वभावात ठेवलेली गोष्ट आहे, ती अन्यायाला आवर घालण्यासाठी आहे, असे ते मानतात. ती चीड आपले काम झाल्यावरही थांबली नाही, की तिचा द्वेष होतो. हा निकष व्यवहारात फार उपयोगी पडतो. चादर बदलली, पाणी आले, मॅनेजरने दिलगिरी मागितली. त्यानंतरही आपण बोलत राहिलो का? असेल, तर त्यापुढची वाक्ये चादरीसाठी नव्हती. आपल्या कार्यालयात साहेबांपुढे जे गिळावे लागते, ते येथे बाहेर पडत होते. सुट्टीत माणूस काही दिवसांपुरता साहेब होतो, आणि साहेबपणाचा सराव नसलेल्याला तो लवकर चढतो.

टोचणीचा याहूनही खोल असलेला एक थर आहे, आणि त्याला अपराधभावना म्हणावे की नाही याबद्दल मी साशंक आहे. रात्री जाग आली, पाण्यासाठी खाली उतरलो, आणि जिन्याखाली सतरंजीवर तोच मुलगा झोपलेला दिसला, असे अनेकांच्या बाबतीत घडते. त्याचा दिवस पहाटे बंब पेटवण्यापासून सुरू होतो आणि शेवटचे टेबल पुसून संपतो. आपल्या दोन रात्रींच्या भाड्यात आणि त्याच्या महिन्याच्या पगारात फारसे अंतर नसावे, असा हिशेब मनात नकळत होतो. हे अंतर आपल्या तक्रारीने निर्माण केलेले नाही. आपण हसतमुखाने चार दिवस राहून आलो असतो तरी ते तितकेच राहिले असते. फक्त ते आपल्याला दिसले नसते. तक्रारीने पडदा बाजूला झाला. म्हणून या थरावरची टोचणी ‘मी का बोललो’ अशी नसावी. ‘मी इतके दिवस हे का पाहिले नाही’ अशी असावी. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते, असे चित्र याकोबाने आपल्या पत्रात रेखाटले आहे. तेथे ओरडणारा गिऱ्हाईक नाही.

येथे बक्षिसीचा विषय निघतो. अशा रात्रीनंतर पुष्कळ जण सकाळी निघताना त्या मुलाच्या हातात दोनशे रुपयांची नोट कोंबतात आणि त्याच्याकडे न पाहता गाडीत बसतात. पैसे त्याच्या कामी येतात, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण न बोलता दिलेली ती नोट बहुधा आपल्याच मनाला दिलेली लाच असते. बिलावर आपोआप लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्काचीही अशीच गफलत होते. ते काढून टाका म्हणताना आपण गरिबाच्या तोंडचा घास काढतो आहोत असे काहींना वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये असे शुल्क आपोआप लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ती उचलून धरली. ते शुल्क आस्थापनेच्या खात्यात जमा होते. वेटरपर्यंत किती पोहोचावे हे मालकाच्या हाती. त्या मुलाला द्यायचे असेल तर त्याच्या हातात द्यावे, त्याचे नाव विचारावे, आणि “काल रात्री जे झाले त्यात तुझा दोष नव्हता, हे मी मॅनेजरना सांगितले आहे” असे म्हणता यावे. अर्थात, ते आधी खरोखर सांगितलेले असावे लागते.

आणि दोष त्याचा असेल तर? असा प्रश्न आपण विचाराल, आणि तो योग्यच आहे. सेवक गरीब आहे म्हणून त्याला चूक करताच येत नाही असे मानणे हाही त्याचा एक प्रकारे अपमानच आहे. लहान मुलाला द्यावी तशी ती सूट होते. तो उर्मटपणे बोलला असेल, आईला धक्का लागून गेला असेल, तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम येथेही लागू पडतो. आधी एकट्याला गाठून सांगावे, मग एक-दोघांना घेऊन, आणि सर्वांपुढे अगदी शेवटी. तो क्रम मंडळीतील बंधूंसाठी सांगितला आहे हे खरे, परंतु त्यातील शहाणपण मंडळीच्या भिंतींशी थांबावे असे काही नाही. आजकाल नेमका उलटा क्रम रूढ झाला आहे. माणूस समोर असताना आपण गप्प राहतो, आणि घरी पोहोचताच मोबाइलवर एक तारा देऊन, कधी त्या मुलाचे नावही घालून, साऱ्या जगाला सांगतो. समोरासमोरचा चढलेला आवाज अर्ध्या तासात विरतो. ते नाव मात्र वर्षानुवर्षे तेथे राहते, आणि पुढच्या सीझनला नोकरी देणारा ते वाचतो. नाव घ्यायचेच असेल तर कौतुकात घ्यावे, दोष सांगताना खोलीचा आणि व्यवस्थेचा सांगावा, इतके पथ्य पाळण्यास काही खर्च येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा दिसला नाही, आणि विचारल्यावर “त्याला सुट्टी दिली आहे” असे मोघम उत्तर मिळाले, तर? ही शक्यता खरी आहे. परिणाम आपल्या हेतूतला नव्हता, असे म्हणून त्यातून पूर्ण सुटका होत नाही. आपल्या शब्दाने जे गतिमान झाले त्याची चौकशी करण्याचे ऋण आपल्यावर उरते. ते फेडणे त्या क्षणी फारसे अवघड नसते. मॅनेजरला बाजूला घेऊन विचारता येते. त्याला कामावरून काढले असेल तर आपली तक्रार पाण्याविषयी आणि चादरीविषयी होती, त्याच्याविषयी नव्हती, हे स्पष्ट सांगता येते, लेखी देता येते. घरी परतल्यावर आठवले तरी उशीर झालेला नसतो. बिलावर हॉटेलचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. त्या पत्रात गरम पाण्याच्या वेळेबद्दल दोन वाक्ये लिहावीत, आणि ज्या मुलाने आपल्या आईला रोज पायऱ्या उतरताना हात दिला त्याच्याबद्दल चार.